फ्लॉइड रोज स्टेजवर लॉक करायचाय, ट्रेमोल-नो बसवावं का?

परभणीकर_लीड:
नमस्कार मंडळी. मी परभणीत ऑर्केस्ट्रात लीड वाजवतो. लग्नसराई, गणपती, नवरात्र, असं वर्षभर चालू असतं. गिटार एकच, फ्लोटिंग फ्लॉइड रोजवाली, म्हणजे तारा अडकतात तो ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो. तारांची जाडी 9-42. परवा मानवतला हळदीच्या कार्यक्रमात ऐन सोलोत पहिली तार तुटली आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर वर चढला. गायक गातोय आणि मला एक कॉर्ड धड लावता येईना. दुसरं, काही गाण्यांना ड्रॉप डी लागतं, म्हणजे सहावी तार ईवरून डी वर. सहावी उतरवली की बाकीच्या चढतात, त्या लावायला जावं तर सहावी हलते. ब्रिज लॉक करणाऱ्या ट्रेमोल-नोबद्दल ऐकलंय. पण व्हॅमी बार (ब्रिज हलवून सूर वरखाली करायचा दांडा) कायमचा सोडायचा नाही. कुणी वापरलंय का?

सेटअप_नांदेड:
भाऊ, मी नांदेडला पोरांच्या गिटारी सेट करून देतो, आणि तुमच्यासारख्या स्टेजवाल्यांना हे बसवाच म्हणून सांगतो.

तार तुटल्यावर सूर का चढला ते आधी बघा. समोरून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि ब्रिज दोघांच्या मध्ये तोलून राहतो. एक तार गेली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या तारा ताणल्या जातात. एका तारेचा बेंड घेतला, म्हणजे बोटाने ती ओढून सूर चढवला, की दुसऱ्या तारा उतरतात, तेही यामुळेच.

ट्रेमोल-नो मागच्या खोबणीत बसतं. स्प्रिंगा अडकवायचा क्लॉ आणि ब्रिजखालचा ठोकळा यांच्यामध्ये त्याचा एकात एक सरकणारा दांडा येतो. मधल्या स्प्रिंगची जागा तो घेतो, म्हणून स्प्रिंगा दोन्ही बाजूंना सारख्या लावाव्या लागतात. सगळे स्क्रू ढिले ठेवले तर ब्रिज पूर्वीसारखा तरंगतो. एक जोडी आवळली की बार फक्त खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही. दांडाच आवळला की ब्रिज जागचा हलत नाही. हे स्क्रू बोटांनी फिरतात, पान्हा लागत नाही. मात्र मागचं प्लास्टिकचं झाकण काढून ठेवावं लागतं. आणि घेण्याआधी आपल्या ब्रिजचा ठोकळा नीट बघा, कारण क्लॅम्पवालं आणि पिनवालं असे वेगवेगळे प्रकार येतात.

आता जे मी प्रत्येकाला बजावतो ते. ब्रिज वाकडा असताना लॉक करू नका. आधी नटचे (मानेच्या टोकाला तारा आवळणाऱ्या पट्टीचे) लॉक सोडा, नेहमीचं ई ट्यूनिंग लावा, ब्रिज बॉडीला समांतर येईस्तोवर क्लॉचे स्क्रू थोडे थोडे फिरवा, प्रत्येक वेळी परत ट्यून करा. याला वेळ लागतो, लागू द्या. तारा नवीन असतील तर हाताने ओढून त्यांचा ढिलेपणा काढा. मग नट आवळा आणि शेवटी दांडा. तिरका ब्रिज लॉक केला तर तारांची उंची आणि इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरचा सुराचा नेमकेपणा) दोन्ही बिघडतं, आणि लोक नाव ठेवतात ट्रेमोल-नोला.

लातूरकर:
पैसे घालायचे नसतील तर सागाची पाचर करून घ्या, सुतार कटपीसमधून काढून देतो. ठोकळा आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये स्प्रिंगांच्या बाजूने बसवली की बार फक्त खाली जातो. दोन्ही बाजूंनी बसवली की ब्रिज पक्का. माझ्या गिटारीत पाचरच आहे. पण कार्यक्रम चालू असताना ती काढ-घाल जमत नाही, बार हवा असेल तर सेटअपभाऊंचं ऐका.

परभणीकर_लीड:
सेटअपदादा, एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. एक शंका आहे. लॉक करून ड्रॉप डी लावलं आणि पुढच्या गाण्याला बार हवा असेल, तर स्क्रू तसाच ढिला करायचा का?

सेटअप_नांदेड:
अजिबात नाही! सहावी डी वर असताना तारांचा एकूण ताण कमी झालेला असतो. त्या वेळी दांडा सोडला की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि सगळ्या तारा चढतात. आधी सहावी ईवर आणा, मग सोडा.

तुमच्या कामाला मधली पद्धत बरी, फक्त खाली जाणारी. स्प्रिंगा तोलापेक्षा किंचित जास्त कसा, म्हणजे ब्रिज अडणीवर (वर जाऊ न देणाऱ्या त्या आवळलेल्या जोडीवर) टेकून राहील. मग बेंड घेतला तरी बाकीच्या तारा उतरत नाहीत, तार तुटली तरी उरलेल्या सुरात राहतात, आणि बार दाबायला मोकळा. वर ओढायचे आवाज तेवढे मिळणार नाहीत.

ड्रॉप डी साठी फाइन ट्यूनरवर (ब्रिजवरच्या बारीक सुराच्या स्क्रूवर) विसंबू नका, त्यात तेवढा पल्ला नसतो. नटचा सहावी-पाचवीचा पॅड 3 मिमीच्या ॲलन कीने सोडावा लागतो, आणि त्यात पाचवीही हलते. त्यापेक्षा सहाव्या तारेच्या सॅडलला (ब्रिजवर ती तार टेकते त्या तुकड्याला) डी-ट्यूना नावाची सरकती कळ लावा. बाहेर ओढलं की डी, आत ढकललं की ई. फ्लोटिंग ब्रिजवर ते चालत नाही, पण अडणीवर टेकलेल्या ब्रिजवर बरोबर चालतं. फक्त ब्रिजच्या मागे बॉडी कोरलेली असेल तर ते बाहेर यायला जागा आहे का ते घेण्याआधी मोजा.

आणि लग्नसराईत पहिल्या तारेची दोन पाकिटं बॅगेत ठेवाच. गिटार घेऊन नांदेडला आलात तर बसवून देतो, सकाळी लवकर या म्हणजे संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी तारा बसतील.