चरबी ‘कढवणे’ की ‘वितळवणे’?

कसबेकर: बोकडाच्या गुर्द्याभोवतीची कच्ची चरबी आणून घरी तिचं स्वच्छ, टिकाऊ तूप काढतात, त्या कृतीला मराठीत काय म्हणावं? पाककृतीत ‘वितळवणे’ लिहिलं तर चालेल का? आणि जे निघतं त्याला ‘वसा’ म्हणता येईल?

उलथनं: ‘वितळवणे’ नको. मेण वितळतं तेव्हा त्यातून काहीच जात नाही. कच्च्या चरबीत पाणी असतं आणि चरबी पातळ पापुद्र्यांत कोंडलेली असते. ते पाणी उडवायचं, पापुद्रे आटवून वेगळे काढायचे. लोणी कढवताना आपण हेच करतो, म्हणून ‘चरबी कढवणे’. नुसतं ‘वितळवा’ वाचून कुणी चरबी पातळ होताच गॅस बंद केला, तर आत पाणी राहतं. ते बरणीच्या तळाशी बसतं आणि आठवड्याभरात वास मारायला लागतं.

कसबेकर: मग कढली हे ओळखायचं कसं?

उलथनं: आवाजावरून. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान त्याच्या फार वर जात नाही आणि बुडबुडे मोठे, तडतडणारे असतात. पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक होतात, तडतड थांबते, तुकडे सोनेरी होतात. लगेच उतरवायचं. त्यानंतर तापमान झपाट्याने चढतं, तुकडे करपतात आणि तो कडवटपणा गाळूनही जात नाही.

पाककृतीत हे जरूर लिहा: चरबी फ्रीजमध्ये गार करून घ्यावी, नाहीतर सुरीखाली सरकते. रक्ताचे डाग आणि मांसाचे धागे काढून टाकावेत, वशट वास त्यांचाच असतो. एक सेंटिमीटरचे तुकडे करावेत किंवा दुकानातूनच खिमा करून आणावा. किलोला अर्धा कप पाणी, जाड बुडाची कढई, अगदी मंद आच, झाकण नाही. सुरुवातीचं पाणी तळ लागू नये म्हणून असतं. मध्येच पाणी ओतलं तर गरम चरबी अंगावर उडते. खिम्याला तास-दीड तास, तुकड्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळून कोरड्याठाक बरणीत भरायचं. चांगल्या चरबीचा किलोला पाऊण किलोच्या आसपास उतारा पडतो.

चुलखंड: ‘वसा’बद्दल सांगतो. आयुर्वेदात तूप, तेल, वसा, मज्जा असे चार स्नेह, म्हणजे स्निग्ध पदार्थ, मानतात. पण सुश्रुतसंहितेत शुद्ध मांसातल्या स्नेहाला वसा म्हटलंय, आणि मेद मुख्यतः पोटात असतो असं सांगितलंय. म्हणजे गुर्द्याभोवतीच्या चरबीला त्या अर्थाने ‘वसा’ नेमकं बसत नाही. शिवाय मराठी वाचकाला ‘वसा’ म्हटलं की व्रतच आठवतं. ‘कढवलेली चरबी’ लिहा. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये ‘मेद द्या’ म्हणून कुणी मागत नाही, ‘गुर्द्याची चरबी’च म्हणतात. पाककृतीत हा ‘गुर्द्याची’ शब्दही गाळू नका. ती चरबी घट्ट आणि पांढरी थिजते, पाठीवरची मऊ राहते.

कसबेकर: थिजते की गोठते?

चुलखंड: थिजते. पाणी गोठतं, रक्त गोठतं. तूप, खोबरेल, चरबी थिजते. कढवलेली बोकडाची चरबी पुण्याच्या उन्हाळ्यातही सहसा थिजलेलीच राहते, साजूक तूप तेव्हा पातळ झालेलं असतं.

कसबेकर: फडक्यात उरतं त्याला ‘बेरी’ म्हणू?

उलथनं: बेरी तुपाची. ती दुधाच्या घन भागाची असते, हे पापुद्रे आहेत. यासाठी पुण्यात सर्रास चालणारा शब्द माझ्या कानावर नाही, म्हणून सरळ ‘चरबीचे कुरकुरीत तुकडे’ लिहावं. मीठ-तिखट लावून भाकरीबरोबर त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी मऊ पडून खवट लागतात.

कसबेकर: आणि बरणीतलं पिवळट दिसलं तर?

उलथनं: आच जास्त झाली. पदार्थ वाया गेला नाही, फोडणीला वापरा. नुसता वास येत असेल तर चरबीइतकंच पाणी आणि लिटरला चमचाभर मीठ घालून, चरबी गार असतानाच, पुन्हा मंद उकळा. भांडं रात्रभर गार ठेवा. वर थिजलेली चकती उचला, खालचा करडा थर सुरीने खरवडा आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत परत कढवा.