मदत हवी आहे: कांटच्या कसोटीत परिणाम मागच्या दाराने येतात का?

कर्तव्यवादात कृतीचं नैतिक मूल्य परिणामांवर ठरत नाही, इथवर डोक्यात शिरलंय. अडलंय पुढे. जर्मन तत्त्वज्ञ कांटची कसोटी अशी: आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांचाच नियम व्हावा, असं विसंगतीशिवाय इच्छिता येतं का? त्याचं १७८५ मधलं उदाहरण घ्या: फेडायचा इरादा नसताना 'फेडतो' म्हणून उसने पैसे घेणं चूक, कारण सगळेच तसं करू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. मग हा परिणामच झाला ना? परिणामांवरूनच योग्य-अयोग्य ठरवणाऱ्या उपयुक्ततावादी मिलचा आक्षेपही साधारण हाच. त्यावरचं नेहमीचं उत्तर वाचलंय: मुद्दा वाईट परिणामाचा नाही, विसंगतीचा आहे, सगळ्यांनी केलं तर ती थापच चालेनाशी होते. पटतं, पण अर्धंच. विश्वास उडेल हे तरी आपल्याला अनुभवावरूनच कळतं की! दारातल्या खुन्याकडे (मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये, या कांटच्या उदाहरणाकडे) चर्चा नेऊ नका, प्लीज. परोपकाराच्या कर्तव्यात परिणाम पाहावे लागतात, हेही मान्य. विचारायचंय एवढंच: परिणामांचा आधार न घेता ती विसंगती दाखवता येते का, आणि कशी?