स्वतंत्र घटना म्हणजे ‘एकीचा दुसरीवर परिणाम न होणे’, ही व्याख्या योग्य आहे का?

मूळ मांडणी

संभाव्यता शिकवताना ‘एका घटनेचा दुसरीवर परिणाम होत नसेल तर त्या स्वतंत्र’ हे वाक्य पाठ करून घेतले जाते, आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यातूनच होतो असे माझे मत आहे. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्ते काढा. पहिला न पाहता पालथा ठेवा आणि दुसरा उलटून पाहा. तो एक्का निघाला, तर पहिला पत्ता एक्का असण्याची संभाव्यता ४/५२ वरून ३/५१ वर येते. नंतरच्या पत्त्याने आधीच्या पत्त्यावर परिणाम केला असे कोणीही म्हणणार नाही, तरीही या घटना परस्परावलंबी आहेत, कारण येथे बदलते ती आपली माहिती. म्हणून दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांच्या वेगवेगळ्या संभाव्यतांच्या गुणाकाराएवढी असणे, हीच व्याख्या पहिल्या दिवसापासून द्यावी.

प्रतिसाद : असहमत

पत्त्यांचे उदाहरण बिनतोड आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. १९९९ साली इंग्लंडमधील एका खटल्यात एकाच घरातील दोन अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंबाबत तज्ज्ञ साक्षीदाराने ८,५४३ मध्ये एक या प्रमाणाचा त्याच प्रमाणाशी गुणाकार केला, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक असा आकडा न्यायालयापुढे ठेवला, आणि आईला शिक्षा झाली. सख्ख्या भावंडांची आनुवंशिकता आणि घरातील परिस्थिती समान असते, त्यामुळे पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्याची संभाव्यता तीच राहील असे धरायला काहीही आधार नव्हता. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि २००३ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. त्या साक्षीदाराला गुणाकार येत होता; त्याने विचारला नाही तो प्रश्न ‘यामागे काही समान कारण आहे का?’ हा होता, आणि तो प्रश्न मनात येण्यासाठी परिणामाची भाषाच लागते.

मूळ लेखकाचे उत्तर

त्या साक्षीदाराने गुणाकार तपासला नाही, तो गृहीत धरला. माझा आक्षेप नेमका यावरच आहे. परिणामाची भाषा किती फसवी आहे, हे दोन फाशांवरून दिसते. ‘पहिल्या फाशावर ४’ आणि ‘बेरीज ७’ या घटना घ्या. बेरजेत पहिला फासा मोजलेलाच असल्याने त्या परस्परावलंबी असणार, असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येकीची संभाव्यता १/६ आहे आणि दोन्ही एकत्र घडण्याची १/३६, म्हणजे त्या स्वतंत्र आहेत. ७ ऐवजी बेरीज ८ घेतली, तर तिची संभाव्यता ५/३६ होते, गुणाकार ५/२१६ येतो, तो १/३६ शी जुळत नाही आणि स्वातंत्र्य संपते. हा फरक मोजल्याखेरीज कोणत्या अंतःप्रेरणेने सांगता आला असता?

प्रतिसाद : असहमत, पुन्हा

हे उदाहरण मी वर्गात नक्की वापरेन, कारण ते खरोखर सुंदर आहे. तरीही एक विचारतो. फाशांच्या ३६ जोड्या समान शक्यतेच्या आहेत, हे आपण कशावरून ठरवले? हजारो वेळा फासे टाकून नव्हे. एका फाशाच्या पडण्याचा दुसऱ्याच्या पडण्यावर परिणाम होण्याचे कारण नाही, म्हणूनच ना?