मदत हवी आहे: डॉक्टरांसाठीचं माहितीचं सब्स्क्रिप्शन घ्यावं का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

हिशेबनीस_खानापूर
आमचं घरचं हॉस्पिटल आहे. थोरले अण्णा आणि वहिनी डॉक्टर, मी हिशेब बघतो. पेशंट समोर असताना डॉक्टरांना झटकन बघता येतं, कुठल्या आजाराला काय द्यायचं, कशाबरोबर काय चालत नाही, असलं एक सॉफ्टवेअर घेऊन एक माणूस पंधरा दिवस बेळगावहून फेऱ्या मारालाय. कोटेशन डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी. शुक्रवारपर्यंत हो म्हटलं तर सवलत, नाहीतर नवा दर. अण्णा म्हणतात घेऊया, वहिनी म्हणतात पैसे काय झाडाला लागलेत? कोण वापरतंय का? घ्यावं की नको एवढंच सांगा, डोकं फिरालंय.

शहापूरचा_फार्मासिस्ट
कुठलं सॉफ्टवेअर? बेड किती? डॉक्टर किती? आकडा किती? दुकानात येऊन "ती पांढरी गोळी द्या" म्हणणाऱ्यासारखं लिहिलंय तुम्ही.

निवृत्त_खरेदीवाला
मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात होतो. या धंद्यात खेळाडू मोजकेच. अपटुडेट आणि लेक्सिकॉम्प दोन्ही वोल्टर्स क्लुवरचे, क्लिनिकल-की एल्सेव्हिअरचं, डायनामेड एब्स्कोचं, आणि बीएमजेचं बेस्ट प्रॅक्टिस. मायक्रोमेडेक्स आयबीएमकडं होतं, २०२२मध्ये तो सगळा विभाग विकला गेला. संस्थेसाठीचा दर छापील नसतोच, तुमचा आकार बघून सांगतात. म्हणून घासाघीस चालते. पहिल्या आकड्याला कधी हो म्हणू नका.

डॉक्टर_निपाणी
एक पैसा देऊ नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो २०१९पासून फुकट आहेत, एका पानात एक आजार, मोबाइलवर अ‍ॅपसुद्धा आहे. परदेशी डेटाबेस आपल्यासाठी लिहिलेलेच नसतात. साप चावलेला पेशंट आला की तिथं रॅटलस्नेकचं पुराण. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची. आणि तुमच्या घाटातला हम्प-नोज्ड पिट वायपर चावला तर ती चालतच नाही. हे मी शिकलो ते पेशंटजवळ बसून, डॉलर देऊन नाही.

निवृत्त_खरेदीवाला
डॉक्टरसाहेब, एका सापावरून सगळा डेटाबेस कसा बाद करता? तुमच्या एका पानात किडनी निम्मी गेलेल्या पेशंटला डोस किती कमी करायचा, हे प्रत्येक औषधाचं मिळतं का?

डॉक्टर_निपाणी
ज्याला येतं त्याला येतं.

एआय_भक्त
या जमान्यात सब्स्क्रिप्शन कोण घेतं? चॅटजीपीटीला विचारा, मराठीतसुद्धा सांगतंय.

शहापूरचा_फार्मासिस्ट
सांगतंय खरं, चुकीचंही तितक्याच ठसक्यात सांगतंय. कुठून घेतलं ते दाखवत नसेल तर पेशंटच्या जिवाशी खेळ नको.

सीमावासी_८६५
सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तुमच्या हॉस्पिटलात ते कार्ड चालतं का? आमच्या मामांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे.

हिशेबनीस_खानापूर
कार्डाचं इथं नको हो. २५ बेड, आम्ही घरचे दोन आणि बेळगावहून येणारे चार डॉक्टर. नाव लिहीत नाही, तो माणूस हा धागा वाचत असला तर पंचाईत. खरं सांगायचं तर अण्णांनी हे मनावर घेतलं ते गेल्या महिन्यातल्या एका प्रकारामुळं. एक आजोबा, रक्त पातळ करायची गोळी चालू, असेनोकुमारॉल. जुलाब लागले म्हणून रात्रीच्या ड्युटीवर मेट्रोनिडाझोल दिलं गेलं. चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त. आजोबा आता बरे आहेत, पण अण्णांना झोप नाही. एकच लॉगिन घेऊन सहा जणांनी वापरलं तर चालेल का?

शहापूरचा_फार्मासिस्ट
हे आधी लिहायचं की! म्हणजे तुम्हाला ग्रंथालय नको, औषधांची एकमेकांशी होणारी भांडणं पकडणारं साधन पाहिजे. ते वेगळं आणि बहुतेकदा स्वस्त. मेडस्केप या वेबसाइटवरचा ही भांडणं तपासायचा भाग फुकट आहे, पण आपली ब्रँडची नावं परदेशी साधनांत सापडतील याची खात्री नसते. साखरेच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असतं. ती फोडून तिन्ही नावं टाकावी लागतात. रात्री दोनला कोण टाकणार? आणि टेनेलिग्लिप्टिन, हेही साखरेचंच औषध, ते तर अमेरिकेत विकलंच जात नाही.

त्या माणसाला शुक्रवारी बोलवा. तुमच्याच वीस जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या समोर ठेवा, तुमच्याच कॉम्प्युटरवर त्याला टाइप करायला लावा. त्यात आजोबांची घाला. ती पकडली नाही तर चहा पाजून परत पाठवा. जांबोटीकडं पावसात नेट जातं, तेव्हा ऑफलाइन चालतं का तेही बघा.

निवृत्त_खरेदीवाला
एका लॉगिनमध्ये सहा जण नको. करारात वापरणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते, खातं बंद करतात. आणि दर रुपयांत, तीन वर्षांसाठी बांधून मागा. डॉलर वर गेला की दुसऱ्या वर्षी तुमचंच तोंड कडू.

एआय_भक्त
सिव्हिलला शिकवणारा कोणी डॉक्टर तुमच्याकडं येत असेल तर त्यांचं कॉलेजचं लॉगिन घ्या. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या हेलिनेटवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, पुष्कळ काय काय मिळतं.

डॉक्टर_निपाणी
ते शिकायला-शिकवायला आहे, खाजगी दवाखाना चालवायला नाही. त्या बिचाऱ्या डॉक्टरची नोकरी जाईल.

सीमावासी_८६५
कार्डाचं कोणी सांगितलं नाही.

हिशेबनीस_खानापूर
फोन केला. चिठ्ठ्यांचं नाव काढल्याबरोबर म्हणाला, शुक्रवारी जमत नाही, सवलत सोमवारपर्यंत वाढवून देतो. वीस चिठ्ठ्या काढायला बसलोय. बारा झाल्या. बाकीच्या अण्णांच्या हातच्या आहेत, त्यांचं अक्षर मला लागत नाही.