‘दुरुस्ती मागे नेली’ की ‘मागे घेतली’? बॅकपोर्टसाठी शब्द हवा

तळटीप
लिनक्स कर्नेलवर (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर) मराठीत एक टिपण लिहितेय, पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी. ट्रेसिंग, बफर, पॅच हे शब्द तसेच ठेवलेत, मुलांच्या तोंडी तेच आहेत. घोडं अडलंय बॅकपोर्टपाशी, म्हणजे नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवण्यापाशी.

प्रकरण थोडक्यात सांगते, म्हणजे शब्द नेमका कुठे बसवायचाय ते कळेल. कर्नेलच्या आत काय चाललंय ते टिपून ठेवणारी एफट्रेस ही सोय २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत आली. नोंदी रिंग बफरमध्ये (भरला की जुन्यावर नवं लिहिणाऱ्या साठ्यात) जातात, प्रत्येक सीपीयूचा बफर वेगळा. मशीन चालू असतानाच बफरचा आकार बदलता येतो. शिवाय स्नॅपशॉट घेतला की चालू बफर आणि राखीव बफर यांची अदलाबदल होते. आकार बदलण्याचं काम अर्ध्यात असताना ही अदलाबदल झाली, तर हिशेब एका बफरचा आणि पानं दुसऱ्याची असा घोळ होतो आणि कर्नेल आपटतं. हे मुद्दाम घडवून बघायचं तर दोन छोट्या स्क्रिप्ट पुरतात. एकीने आकाराच्या फाइलीत सतत नवा आकडा लिहायचा, दुसरीने इरक्यूसॉफ हा ट्रेसर सतत चालू-बंद करायचा, तोही तशीच अदलाबदल करतो. २०२३ मध्ये याची दुरुस्ती झाली: आकार बदलणं चालू असेल तर अदलाबदल नाकारायची. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत गेली आणि मग जुन्या स्टेबल शाखांमध्ये, म्हणजे आधीच्या आवृत्त्यांच्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या शाखांमध्ये.

मी लिहिलं, ‘ही दुरुस्ती मग जुन्या शाखांमध्ये मागे नेली.’ टिपण तपासणाऱ्या सरांनी त्याखाली रेघ ओढून समासात लिहिलंय, ‘म्हणजे रद्द केली? का?’ त्यांना संगणक उत्तम कळतो, मराठीही. मग वाक्यातच खोट असणार. काय लिहावं?

सह्यवारा
सरांचं बरोबर आहे. उमेदवारी अर्ज मागे, खटला मागे, आंदोलन मागे, बोललेले शब्दही मागे. आपल्या कानाला ‘मागे’ला घेणे, नेणे, ओढणे असं काहीही जोडलं की आधी माघारच ऐकू येते. शिवाय गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) रिव्हर्ट, म्हणजे केलेला बदल रद्द करणं, ही खरोखरची वेगळी क्रिया आहे आणि तिला ‘मागे घेणे’ अगदी फिट बसतं. एकाच टिपणात दोन्ही आले तर विद्यार्थी उलटा अर्थ लावणार. ‘मागे’ काढूनच टाका. ‘जुन्या शाखांनाही लावली’ म्हणा.

शब्दयोगी
‘लावली’ म्हणजे काय? फटाके लावतात, दिवा लावतात, नाट लावतात. परिभाषा अशी सैल असून चालत नाही. तिच्यातून नाम, क्रियापद, विशेषण सगळं निघायला हवं. मी ‘पश्चरोपण’ सुचवतो. पश्चरोपण करणे, पश्चरोपित दुरुस्ती, पश्चरोपणक्षम. आज कानाला जड वाटेल. सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ही जडच वाटला असेल, आज पालिकेच्या पाटीवर तोच आहे आणि कोणी अडखळत नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला तोही याच निष्ठेने. आपल्या पिढीने शब्द घडवलेच नाहीत, तर पुढच्यांना मराठीत विचार करायला काय उरेल?

सह्यवारा
राजव्यवहारकोश झाला, तरी दरवाजा, खजिना, जमीन, वकील हे आपण आजही फारसी-अरबीतूनच घेतलेले म्हणतो. पण माझा आक्षेप संस्कृतवर नाही, अर्थावर आहे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी आणि दोन मुली असा परिवार आहे’ हे वाक्य रोज पेपरात येतं. काळाच्या संदर्भात पश्चात म्हणजे नंतर. बॅकपोर्टमध्ये दुरुस्ती जाते आधीच्या आवृत्तीत. तुमचा शब्द बरोबर उलटी दिशा दाखवतोय.

शब्दयोगी
पश्चात्चा मूळ अर्थ मागच्या बाजूला असाच आहे, पश्चिम त्यातूनच आलं. पेपरातल्या एका ठरीव वाक्यावरून शब्द बाद करू नका.

रायवळ
आमच्याकडे, देवगडच्या बाजूला, याला शब्द तयार आहे: कलम. रायवळ आंब्याचं जुनं झाड असतं, मुळं खोल, वारापाऊस सोसलेलं, पण फळ बेताचं. ते उपटून कोणी टाकत नाही. छाटणी करून नवे धुमारे येऊ देतात आणि त्यांवर हापूसची काडी बांधतात. धुमारा मधोमध चिरायचा, काडीचं टोक पाचरीसारखं तासायचं, आत बसवायचं, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. काडी आणि धुमारा सारख्या जाडीचे लागतात. नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे, नाहीतर काडी वाळते. जुन्या शाखेत नव्या आवृत्तीची दुरुस्ती बसवणं याहून वेगळं काय आहे? झाड जुनंच राहतं, हे महत्त्वाचं.

शब्दयोगी
कलम अरबी.

रायवळ
असेल. संस्कृतातही कलम आहे, लेखणी या अर्थी आणि साळीची एक जात या अर्थीही. ग्रीकमध्ये कालामोस म्हणजे बोरू. कोणी कोणाकडून घेतलं याचा निवाडा इथे लागायचा नाही. माझ्या आजीने हा शब्द वापरला, तिला तो परका वाटला नाही.

सह्यवारा
कल्पना आवडली, पण अडचण आहे. ‘शिर कलम केलं’ म्हणतात. ‘दुरुस्ती ५.१० मध्ये कलम केली’ असं लिहिलं तर छाटून टाकली असंच वाटेल. शिवाय कायद्याचं कलम वेगळंच.

रायवळ
कलम ‘करत’ नाहीत, ‘बांधतात’. कलमं बांधायला माणूस येतो. क्रियापद नीट वापरलं की शिर शाबूत राहतं.

गाभाकार
कर्नेलचंच काम करतो म्हणून लिहितोय. आमच्या टीममध्ये नव्वद टक्के मराठी माणसं, आणि सगळे म्हणतात ‘बॅकपोर्ट मारला का?’ तरी मराठी शब्द हवा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी काम प्रत्यक्षात कसं होतं ते बघा, कारण इथले निम्मे शब्द त्या कामाशी जुळत नाहीत.

स्टेबलचा पहिला नियम: दुरुस्ती आधी लिनक्सचा जनक लायनस याच्या मुख्य झाडात, म्हणजे मुख्य शाखेत, गेलेली हवी. संदर्भाच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत हवी, तपासलेली हवी, खऱ्या अडचणीवरची हवी. ‘फिक्सेस’ अशी ओळ घालून मूळ चूक कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आणली ते त्याच्या ओळखक्रमांकाच्या पहिल्या बारा अक्षरांनी सांगतात. त्यावरून कळतं की चूक किती जुन्या शाखांपर्यंत पोचली असेल. मग ती दुरुस्ती एकेका जुन्या शाखेत उचलून बघतात. जिथे आपसूक बसली तिथे प्रश्न मिटला. जिथे बसत नाही तिथे लेखकाला मेल येतो: अमुक झाडात पॅच लागला नाही, हवा असेल तर जुळवून पाठवा. तो ‘जुळवून पाठवणं’ म्हणजे खरा बॅकपोर्ट. आधीचं ते नुसतं चेरी-पिक, त्याला मी ‘वेचणे’ म्हणेन. फुलं वेचतात, कापूस वेचतात, कमिट वेचावेत.

आता ट्रेसिंगचंच उदाहरण घ्या. रिंग बफरच्या स्ट्रक्चरचं नाव ५.६ मध्ये बदललं, म्हणजे २०२० मध्ये. आधी त्याला ‘रिंग बफर’ म्हणत, आता ‘ट्रेस बफर’ म्हणतात. आणि आधी ज्याला ‘ट्रेस बफर’ म्हणत ते झालं ‘अ‍ॅरे बफर’. त्यामुळे आजची दुरुस्ती २०१९ च्या ५.४ मध्ये न्यायची म्हटलं की ‘ट्रेस बफर’ हे नाव तिथेही सापडतं, पण त्याखाली निराळीच वस्तू असते. नाव जुळलं म्हणून डोळे मिटून पुढे गेलात तर कंपायलर ओरडतो, हे नशीब. ओरडला नसता तर काय झालं असतं त्याची मला जास्त भीती वाटते. प्रत्येक ओळ जुन्या शाखेच्या बोलीत पुन्हा लिहावी लागते, आणि वर एक ओळ घालतात की अमुक कमिट अपस्ट्रीमला (मुख्य शाखेत) आहे, म्हणजे मूळ कुठलं ते कोणालाही पडताळता येतं.

म्हणून ‘लावली’ मला अपुरा वाटतो. त्यात ही जुळवणी नाही. कलमात आहे.

आणि एक. स्टेबलला कृपया ‘स्थिर’ लिहू नका. स्टेबलची नवी आवृत्ती बहुतेक आठवड्याला येते. ५.१० च्या दोनशेच्या वर झाल्यात. स्थिर काहीच नाही, भरवशाचं आहे.

तळटीप
@गाभाकार, खूप आभार, नावांची अदलाबदल टिपणात घेते. ‘भरवशाची शाखा’ पण आवडलं. मग बॅकपोर्टला ‘कलम बांधणे’ धरू का? ‘ही दुरुस्ती जुन्या शाखांवर कलम बांधून’... वाक्य पुरं होत नाहीये.

कालवा
अपस्ट्रीमसाठी शब्द शोधायची गरज नाही. पाटबंधाऱ्यात तो कधीचा आहे. ऊर्ध्व वर्धा, ऊर्ध्व पैनगंगा. उलट बाजूला निम्न दुधना, निम्न तेरणा. धरणांची नावं आहेत, शेतकरी रोज घेतात. अपस्ट्रीम म्हणजे ऊर्ध्व, डाउनस्ट्रीम म्हणजे निम्न. हे लक्षात घेतलं तर मूळ प्रश्नही सुटतो. दुरुस्ती वरून खाली येतेय, मागे कुठे जातेय? ‘मागे’ आपण इंग्रजी बॅकला भुलून आणलं.

ट्रेसिंगसाठी मात्र कोणी ‘अनुरेखन’ सुचवायच्या आत सांगतो: अनुरेखक हे सरकारी पद आहे, नकाशावर पारदर्शक कागद ठेवून गिरवणारा माणूस. आमच्या कार्यालयात होते. तो शब्द त्यांचा आहे.

शब्दयोगी
मी सुचवणारच होतो. एका शब्दाला दोन शास्त्रांत दोन अर्थ असायला हरकत नसते. रस वैद्यकात वेगळा, काव्यात वेगळा.

सह्यवारा
ट्रेसिंगला ‘माग’ का नको? माग काढणे, माग घेणे, मागोवा. आणि यात एक सुंदर गोष्ट दडलीय. माग आला संस्कृत मार्गापासून, प्राकृतात मग्ग होऊन. आपलं ‘मागे’सुद्धा त्याच मग्गमधून आलंय. जो वाटेने मागून येतो तो मागे. म्हणजे ‘मागावरची दुरुस्ती मागे नेली’ या वाक्यात दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीत ट्रेस आणि बॅक यांचं काही नातं नाही.

जुन्या गावरहाटीत चोरी झाली की रामोशी पावलांवरून माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपार गेला असं दाखवून दिलं की चोर शोधायची जबाबदारी पुढच्या गावावर. कर्नेलमध्ये ट्रेस वाचताना हेच करतात ना? चूक आपल्या हद्दीतली नाही, ड्रायव्हरच्या हद्दीत गेली, हे पुराव्याने दाखवायचं.

गाभाकार
अगदी हेच करतो. आणि दर वेळी ड्रायव्हरवाले म्हणतात, माग आमच्या शिवेत आलाच नाही.

रायवळ
मग रिंग बफर म्हणजे माग साठवायची जागा. जुने ठसे नव्यांनी पुसले जातात, वाटेवर जातात तसेच.

धोटा
इचलकरंजीहून. आमच्याकडे माग म्हटलं की कोणाच्याही डोळ्यापुढे ठसे येत नाहीत, यंत्रमाग येतो. ‘माग बिघडला, दुरुस्ती केली’ हे वाक्य इथल्या मुलांना दाखवा, जॉबरला बोलवायला धावतील. पदविकेची मुलं आमच्याच गावातली असू शकतात. ट्रेसिंगच राहू द्या.

शब्दयोगी
तोच न्याय अनुरेखनाला लावा. तिथे तुम्ही सगळे अडलात.

सह्यवारा
शब्दयोगी, अनुरेखन कोणाच्या तोंडी नाही. माग आहे, दोन्ही अर्थांनी. हा फरक लहान नाही.

शब्दयोगी
तोंडी नाही कारण आपण शिकवलं नाही. शाळेत ‘गुणसूत्र’ शिकवलं, आज दहावीतलं पोर सहज म्हणतं. शिकवायच्या आधीच शब्द नाकारला तर तो तोंडी येणार कसा? @तळटीप यांचं टिपण विद्यार्थ्यांसाठीच आहे. ही संधी आहे.

तळटीप
तूर्त वाक्य असं केलंय: ‘मुख्य शाखेतली ही दुरुस्ती जुळवून घेऊन जुन्या, भरवशाच्या शाखांमध्येही बसवली.’ क्रिया म्हणून बॅकपोर्ट शब्द पुढे एकदा दिलाय. सरांकडे आज पाठवतेय.

गाभाकार
‘बसवली’ चालेल. ‘जुळवून घेऊन’ मात्र माणसांबद्दल वाटतं, सासरी जुळवून घेतलं तसं. ‘जुळवून’ एवढंच ठेवा.

शब्दयोगी
आणि बॅकपोर्ट न झालेली दुरुस्ती? ‘न बसवलेली’? बॅकपोर्ट करणारा कोण, ‘बसवणारा’? नाम द्या.

रायवळ
कलमी. कलमी आंबा, कलमी दुरुस्ती. झालं नाम, झालं विशेषण.

कालवा
कलमी आंबा म्हणजे कलम केलेल्या झाडाचा आंबा. तुमच्या हिशेबाने कलमी होईल ती शाखा, दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती ही काडी.

रायवळ
मान्य नाही. आमच्याकडे रोपालाही कलम म्हणतात, पिशवीतल्या. ‘दहा कलमं घेतली’ म्हणजे काडीखुंटासकट.

धोटा
कालवा साहेब, सह्यवारा, एक विचारतो. मार्ग, मग्ग, माग हे ठशांच्या मागाचं पटलं. पण हातमागातला माग त्याच मुळातून आलाय का? उभे धागे म्हणजे ताणा, त्यातून धोटा आडवा जातो-येतो, तो त्याचा मार्ग म्हणून माग, असं आमचे वडील सांगायचे. की हा शब्दच वेगळा? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात दोन्ही अर्थ कसे दिलेत ते कोणी बघून सांगेल का?