टिनाच्या घराले सोलरची सबसिडी काय कामाची?

कापूसवाला (पांढरकवडा साइड):
सध्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडी सूर्यघर योजना, केंद्राची, घराच्या छतावर सोलर बसवाची. योजना वाईट हाय असं मी म्हणतच नाही. पहिल्या दोन किलोवॅटले ३०-३० हजार, तिसऱ्याले १८, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राचे. पण भेटते कोणाले? ज्याच्या डोक्यावर स्लॅब हाय, नावावर मीटर हाय, अन् आधी खिशातून नाही तं बँकेतून पैसा काढाची ताकद हाय त्याले. कारण सबसिडी येते कधी, तं सगळं बसून, नेट मीटर (घेतलेली अन् तारेत दिलेली वीज मोजणारं) लागून, तपासणी झाल्यावर. अन् इकडं टिनाच्या घरात मे महिन्यात भट्टी होते, पंखा गरम हवा फेकते, कूलर रातभर चालते, मीटर पळते, त्या माणसाले काय? टिनावर पांढरा पेंट, आतून सीलिंग, कमी विजेचा पंखा, यातल्या एकावर बी आपल्याकडं सबसिडी नाही. वीज बनवाले पैसा हाय, वाचवाले नाही. मी तं म्हणतो आधी घर थंड करा, मंग पॅनलचं बोला.

वर्धा_वारी:
दादा, नेहमीचंच झालं हे, कोणाला काही मिळालं की आपण दुसऱ्याला काय नाही मिळालं ते मोजतो. तीन किलोवॅटपर्यंत तारण न ठेवता कमी व्याजाचं कर्ज मिळतं, आमच्याकडे उन्हाळ्यात जेवढं बिल यायचं जवळपास तेवढाच हप्ता बसला आणि हप्ता कधीतरी संपेल, बिल कधी संपणार? एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, दोन कूलर आणि फ्रिज आरामात निघतात. आणि तुमचं ते घर थंड करणं, पॅनलची सावली पडते ना स्लॅबवर, वरची खोली आधीसारखी तापत नाही आमची.

लाईनीवरचा:
वारीभाऊ, सावली घ्या पण एक गोष्ट सांगा लोकायले. लाईन गेली का तुमचं सोलर बी बंद. वर ऊन रखरखते अन् खाली पंखा ठप्प. इन्व्हर्टर मुद्दामच बंद होते, नाही तं तुमच्या छतावरची वीज तारेत घुसून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईन. विकणारा हे सांगत नाही, तो म्हणते "बिल झिरो", अन् गावचा माणूस समजते का लोडशेडिंग बी झिरो. लाईन गेल्यावर चालवाचं असन तं बॅटरीवालं हायब्रिड घ्या, अन् बॅटरीचा पैसा तुमचा तुम्ही भरा. वरून वांदरं. आमच्याकडं वांदरं पॅनलवरून असे धावते का बाप्पा, जाळी मारा लागली.

वर्धा_वारी:
लाईन जाणं हा योजनेचा दोष आहे का? आमच्या इन्व्हर्टर-बॅटरीवर दोन पंखे चालतात, पुरे झालं.

हिशोबी_माणूस:
दोघंही सबसिडी-सबसिडी करून राहिले, पण पंख्याला सबसिडी पाहिजे काऊन? साधा हिशोब करा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात, दोन पंखे बदलले तर ४०. आता ज्याचं बिल १३० युनिटचं आहे तो १०० च्या आत येतो, आणि १०० च्या वर गेलं की दर कसा चढतो हे सगळ्यांना माहीत आहे. राहिली पंख्याची किंमत, तर त्यासाठी एलईडी बल्बचं बघा. २०१५ मध्ये उजाला योजना आली, त्यात बल्बवर सबसिडी एक पैशाची नव्हती, सरकारी कंपनीनं घाऊक खरेदी केली आणि ३१० चा खरेदीचा भाव २०१६ पर्यंत ३८ वर आला. पंख्याचं तसं करा, बिलातून हप्त्यानं कापा. सबसिडी जाहीर केली की दुकानदार आधी भाव चढवतो, ड्रिपच्या, म्हणजे ठिबक सिंचनाच्या वेळेस आपण काय पाहिलं?

कापूसवाला:
हे पटलं मले, पंख्यापुरतं. पण टिनाचं घाऊक काय करान? अन् ड्रिपची सबसिडी खाऊन बसलेले मी बी ओळखतो, तरी ड्रिप नसती तं संत्र्याच्या बागा जगल्या असत्या का, ते सांगा.

झाडीपट्टी:
आम्ही सिरोंच्याकडचे, नदी ओलांडली का तेलंगणा. तिथं २०२३ मध्ये कूल रूफ पॉलिसी आली, सरकारी अन् मोठ्या इमारतींवर ऊन परतवणारं छत सक्तीचं. म्हणजे बघा, मोठ्यायले सक्ती, लहान घराले मर्जी, तिथं बी टिनवाला शेवटीच. अन् कापूसवाले, टिनावर चुना मारू नका कोणी, पहिल्या पावसात धुवून जाते. पेंटच पाहिजे, अन् तो बी टिन घासून, गंज काढून. स्लॅबवर मात्र चुना चालते, दरवर्षी मारा लागते एवढंच.

वर्धा_वारी:
टिनवाल्यांसाठी काहीच नाही असं नाही. राज्याची स्मार्ट योजना वाचा, दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटवर केंद्राचे ३०,००० आणि वरून राज्याचे १७,५००. जवळपास फुकट झालं की. आणखी काय पाहिजे?

कापूसवाला:
फुकट झालं पण ठेवाचं कुठं? एक किलोवॅटले शंभर चौरस फूट जागा पाहिजे, अन् खाली बल्ल्या, वर दगड ठेवून दाबलेले टिन. मे-जूनच्या वादळात टिनच शेजारच्या वावरात जाते, त्याच्यावर पॅनल बसवाले अँगलचा सांगाडा वेगळा उभा करा लागन, जमिनीतून. त्याचा पैसा कोण देते? थोच तं माझा सवाल हाय पहिल्या पोस्टपासून. त्याच्यापेक्षा तेवढ्या पैशात टिनाखाली सीलिंग अन् वर पेंट होते, म्हातारं माणूस दुपारी घरात बसू शकते.

हिशोबी_माणूस:
सीलिंगमध्ये उंदीर होतात, ते पण धरा हिशोबात.

लाईनीवरचा:
😂 उंदरावर सबसिडी नाही. बरं, कोणाच्या टिनाच्या घरावर खरंच बसलं असन तं फोटो टाका, सांगाडा कसा केला अन् वेल्डिंगवाल्यानं किती घेतले ते बी लिहा.