स्वतःच्याच नाकाला 'अहो-जाहो' का?

रात्रवाचक: रशियन लेखक गोगोलची 'नाक' ही कथा (१८३६) काल संपवली. नायक कोवाल्योव, एक सरकारी नोकर, सकाळी आरशात बघतो तर नाकाच्या जागी सपाट! पुढे तेच नाक जरीचा गणवेश घालून बग्गीतून उतरतं. इथवर मजा आली. पण पीटर्सबर्गच्या कझान कॅथेड्रलमध्ये त्याला गाठल्यावर हा गडी चाचरतो का? मला वाटलं होतं, सरळ मानगूट धरेल. प्रस्तावनेत 'आधुनिक माणसाचा हरवलेला स्व' म्हटलंय. त्यानं काही उलगडा होईना.

जुनं खोड: चाचरतो, कारण नाक साहेब आहे! पीटर द ग्रेटनं १७२२ साली नोकरशाहीला १४ पायऱ्यांची उतरंड घालून दिली. कोवाल्योव आठव्या पायरीवर, नाक पाचव्या. तुऱ्याची टोपी बघूनच हा गार पडतो. (स्वतःला 'मेजर' म्हणवतो तेही उसनंच, लष्करात ती पायरी मेजरची म्हणून.) नाक काय सांगतं? मी माझा स्वतंत्र आहे. वर, तुमची बटणं बघता तुम्ही दुसऱ्या खात्यातले, तेव्हा आपला संबंध येतोच कुठे! मी कारकुनीत केस पिकवले; हा सूर कानात बसलाय.

आता नववी पायरी बघा. गोगोलच्याच 'ओव्हरकोट'मधला अकाकी, त्याच्याच 'वेड्याची रोजनिशी'तला, स्वतःला स्पेनचा राजा समजणारा पोप्रिश्चिन, दस्तयेव्हस्कीच्या 'द डबल'मधला गोल्याद्किन (१८४६), ज्याच्या कचेरीत त्याचाच जुळा येऊन बसतो. तिघंही नववीतले. १८४५ पर्यंत आठवी गाठली की पिढीजात उमरावपद मिळायचं. नववीवाला उंबऱ्यातच. डोकं फिरेल नाहीतर काय.

तळघर: खोडकाका, सगळं पायऱ्यांवर ढकलू नका. दस्तयेव्हस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'मधला (१८६४) तळघरातला माणूस आठवी गाठूनच नोकरी सोडतो. सुटला का? तरुणपणी एका लष्करी अधिकाऱ्यानं त्याला खांदे धरून खुर्चीसारखं बाजूला सरकवलं होतं. पुढे हा कित्येक वर्षं नेव्स्कीवर, म्हणजे पीटर्सबर्गच्या मुख्य रस्त्यावर, त्याला वाट न देण्याची तयारी करतो. पगाराची उचल घेऊन काळे हातमोजे, नवी हॅट, कोटाला बीव्हरची कॉलर! शेवटी डोळे मिटून खांद्याला खांदा भिडवतो. अधिकारी वळूनही बघत नाही.

जुनं खोड: मान्य. पण कॉलर बदलल्याशिवाय धडक द्यायची हिंमत झाली का त्याची?

रात्रवाचक: बटणांचं वाक्य माझ्या नजरेतून पार निसटलं होतं. आत्ता पुन्हा उघडून बघितलं, आहे खरं. आज रात्री गोल्याद्किन.